मागे राहिलेल्यांचा धूर

देवपर्वताच्या हिमशिखरांवर उजेडाची पहिली तांबूस रेघ उमटली, तेव्हा खाली पसरलेल्या उष्णसरोवरावरून धुक्याचे लोट उठत होते. भोवतालचे डोंगर अर्धे वर्ष बर्फाखाली झोपत, पण हे सरोवर कधी गोठत नसे. म्हणूनच कोणे एके काळी शकांच्या एका पूर्वजाने या काठावर आपला घोडा थांबवला होता, नमद्याचा, दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, पहिला तंबू ठोकला होता, आणि त्याच्यामागून आलेल्या पिढ्यांनी इथल्या गवतावर पोसलेल्या घोड्यांवर बसून चारी दिशांना आपला दरारा पसरवला होता. आज मात्र त्याच काठावरून, धुक्याच्या आडोशाने, बैल जुंपलेल्या गाड्या एकामागून एक दक्षिणेकडच्या दरीत शिरत होत्या. चाकांना नमद्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या होत्या. लेकरांना आयांनी छातीशी घट्ट बांधले होते, आणि कुणी रडू लागलेच तर त्याच्या तोंडात सुक्या चक्क्याचा खडा दिला जात होता. एक सबंध गण आपली भूमी सोडून चालला होता, आणि त्याचा आवाज सरोवराच्या लाटांपेक्षा मोठा नव्हता.

या निघण्याची मुळे त्या उन्हाळ्यात होती. दूर पूर्वेला हिउंगनू टोळ्यांनी युएची नावाच्या भटक्या लोकांचा पाडाव केला होता, त्यांचा राजा मारला होता, आणि ते पराभूत लोक बायकामुलांसह, गुराढोरांसह पश्चिमेकडे लोटले होते. घर गमावलेला माणूस दुसऱ्याचे घर फार निर्दयपणे घेतो. युएची सरोवराच्या पूर्वतीरावर उतरले, तेव्हा शकांचा गणनायक अस्पदात आपले धनुर्धारी घेऊन त्यांच्यावर चालून गेला. दिवस मावळेपर्यंत लढाई झाली आणि तीत अस्पदात पडला. शकांनी त्याचे शव परत आणले, छावणीमागच्या टेकडीपलीकडे, पूर्वजांच्या समाध्यांशेजारी, त्याच्या शस्त्रांसह आणि घोड्यासह पुरले, आणि वर मातीचा उंच ढीग रचला. त्यानंतर युएचींचा सेनापती किदोल पूर्वेकडच्या दरीच्या तोंडाशी तळ देऊन बसला. त्याने निरोप धाडला: पांढऱ्या घोड्यांचे कळप आमच्या स्वाधीन करावेत, तुमचे तरुण धनुर्धारी आमच्या सैन्यात द्यावेत, आणि प्रत्येक शक पुरुषाने आपल्या उंच टोपीचे टोक कापून टाकावे. नव्या चंद्रापर्यंत विचार करावा. त्यानंतर विचार आम्ही करू.

या निरोपावर गणाची सभा भरली, तेव्हा अस्पदाताची विधवा वर्झाना पतीच्या जागी बसली होती. तिच्या शेजारी अस्पदाताची आई, गणमाता अर्तिषा होती. आणि समोर उभा होता अर्तिषेचा धाकटा मुलगा तिग्रास.

"वहिनी," तिग्रास म्हणाला, "टोपीचे टोक कापल्याने डोके जात नाही. दक्षिणेच्या घाटात बर्फ पडू लागले आहे. कड्याला लोंबणारी ती वाट धडधाकट माणसालाही गिळते. माझ्या रौक्षेचे दिवस भरत आले आहेत. अशा कितीतरी बाया आहेत. त्यांना तिथे मारण्यापेक्षा इथे मान तुकवून जगवू."

"भावजी, तुमचे भय मला कळते," वर्झाना म्हणाली. "माझेही लेकरू त्या वाटेवरून जाणार आहे. पण आज ते टोपीचे टोक मागतात. उद्या आपले तरुण नेतील आणि पश्चिमेकडच्या आपल्याच भाऊबंदांवर घालतील. परवा आपल्या नातवंडांना आपण कोण होतो, हेही विचारावे लागेल. माणसे जगतील, शक उरणार नाहीत."

सभेने घाटाच्या बाजूने हात वर केले. तेव्हा अर्तिषा बोलली. ती फार थकली होती; तिचा आवाज मात्र थकला नव्हता.

"समोरच्या डोंगरावर किदोलचे टेहळे बसलेले असतात. त्यांना आपली माणसे दिसत नाहीत, आपला धूर दिसतो. धूर दिसतो तोवर आपण इथे आहोत. मी राहते. गुडघे गेलेले, डोळे गेलेले, लढाईत अधू झालेले, ज्यांना राहायचे असेल ते माझ्याबरोबर राहतील. आम्ही घाटात आलो, तर तुम्हाला आम्हाला वाहून न्यावे लागेल. इथे राहिलो, तर आम्ही तुम्हाला वाहून नेऊ."

मग एका पायाने लंगडा झालेला वृद्ध धनुर्धारी होरमन, ज्याने गणातल्या निम्म्या तरुणांना बाण धरायला शिकवले होते, काठी टेकत उठला आणि अर्तिषेच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्यामागून एकेक म्हातारा, एकेक म्हातारी उठू लागली. तिग्रासने आईच्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवला आणि तो सभेतून निघून गेला.

आणि आता, या धुकट पहाटे, गाड्या निघत असताना रौक्षा आपले जड पोट सावरत वर्झानेच्या घोड्यापाशी आली.

"ताई, हे तंबूत नाहीत. त्यांचा घोडाही नाही."

वर्झाना घोड्यावरून उतरली. "कुठे गेले?"

"टापांच्या खुणा पूर्वेकडच्या दरीच्या तोंडाकडे गेल्या आहेत." रौक्षेचा चेहरा राखेसारखा झाला होता. "काल मला म्हणाले, तुला त्या वाटेवर मरू देणार नाही. मला वाटले, नुसते दुःखाने बोलताहेत."

तिथे किदोलखेरीज कुणी नव्हते. वर्झाना तशीच अर्तिषेच्या तंबूकडे गेली. म्हातारी चुलीत वाळलेले शेण घालत होती. बातमी ऐकून तिचा हात थांबला, पण थोडाच वेळ. मग तिने ते शेण चुलीत सारले.

"आई, आता धुराचा उपयोग नाही," वर्झाना म्हणाली. "त्यांना सगळे कळेल. तुम्ही सगळे चला. गाड्यांत जागा करते."

"आता तर धूर जास्तच हवा. किदोल स्वतः बघायला येईल. त्याला काय दाखवायचे आणि काय सांगायचे, ते मी पाहीन. तू चालत राहा."

"सोबत तिग्रास असेल. तुमचा मुलगा."

"म्हणून तर मी इथे असले पाहिजे," अर्तिषा म्हणाली.

वर्झानेने तिच्या पायांवर डोके टेकले आणि ती मागे न बघता बाहेर पडली. रौक्षा तिच्या घोड्याचा लगाम धरून उभी होती. पण वर्झानेने तिला वर बसायला सांगितले, तेव्हा तिने मान हलवली. "ज्या बाईच्या नवऱ्याने गणाची वाट शत्रूला दाखवली, तिने गणाच्या घोड्यावर बसू नये," ती म्हणाली, आणि शेवटच्या गाडीमागून पायी चालू लागली. तिला कुणी आग्रह केला नाही. तिच्याशी कुणी बोललेही नाही.

तिकडे किदोलच्या तळावर तिग्रासने गण घाटाकडे निघाल्याचे सांगितले होते. कळप घ्या, गाड्या परत वळवा, पण कुणाच्या जिवाला हात लावू नका, एवढे त्याने मागितले, आणि किदोलने ते मान्य केले. किदोल शब्दाचा हलका माणूस नव्हता. पण त्याचे घोडेस्वार सरोवराच्या काठाने दौडू लागले, तेव्हा तिग्रासच्या पुढे-मागे चालणारे सैनिक आपसात हसत बोलत होते: कुणाला कोणती गाडी मिळावी, कुणाला कुणाची सून, कुणाला कुणाची लेक. तिग्रासला त्यांची भाषा कळत होती. त्याने किदोलकडे पाहिले. सेनापती दूर पुढे होता, वाऱ्याने त्याच्यापर्यंत ते शब्द पोहोचत नव्हते. आणि पोहोचले असते तरी पराभवातून वाचलेल्या उपाशी फौजेचे तोंड एका माणसाच्या शब्दाने किती दिवस बंद राहिले असते? तिग्रासचा हात धनुष्याकडे गेला. त्याचे धनुष्य त्याच्याकडून आधीच काढून घेण्यात आले होते.

ऊन चांगले वर आले तेव्हा छावणी दिसू लागली, आणि धुराचा बेत ठाऊक असूनही तिग्रासचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. प्रत्येक तंबूतून धूर निघत होता. म्हाताऱ्या बाया दारांत बसून नमदे झटकत होत्या. छावणीच्या कडेला घोड्या बांधलेल्या होत्या. त्या सगळ्या म्हाताऱ्या आणि दूध आटलेल्या होत्या, हे दुरून कळत नव्हते. टेकडीमागे धुळीचा पडदा उठला होता, जणू मोठा कळप पाण्यावर चालला असावा. होरमनने सांगून ठेवल्याप्रमाणे तिथे काही म्हातारे घोड्यांच्या शेपटांना झाडांच्या फांद्या बांधून हिंडत होते.

मोठ्या तंबूच्या दारात गणमाता अर्तिषा उभी होती. तिच्या डोक्यावर सोन्याच्या पानांनी मढवलेली उंच टोपी होती, जी ती फक्त लग्नांत आणि युद्धाच्या वेळी घालत असे.

"युएचींच्या सेनापतींचे स्वागत असो," ती म्हणाली. "आपण मुदतीआधी आलात. आमच्या सिद्धतेत काही उणे राहिले असेल, तर क्षमा असावी."

किदोल घोड्यावरून उतरला. कपाळापासून गालापर्यंत तलवारीचा जुना वण असलेला, मध्यम वयाचा, मोजके बोलणारा माणूस होता तो. "गणमाते, मला असे सांगण्यात आले आहे की इथे स्वागत करायला कुणी उरलेलेच नाही."

"मग हे दूध आपल्याला कोण देत आहे?" अर्तिषेने घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला.

गवताळ मुलुखातला कुठलाही माणूस, मग तो शत्रू का असेना, दारात दिलेले दूध नाकारत नसे. किदोल प्याला आणि आत आला. त्याच्यामागून त्याचे सरदार आले आणि दोन सैनिकांच्या मध्ये तिग्रास आला. अर्तिषेने मुलाकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे काहीच हलले नाही.

"बोलण्याआधी वंशावळ," ती म्हणाली. "आमच्या तंबूत दूध प्यालेल्या पाहुण्याने आम्ही कोण ते ऐकल्याखेरीज बोलणी करायची नसतात. आपल्याकडेही अशीच रीत असेल."

"अशीच आहे," किदोल म्हणाला आणि मांडी घालून बसला. त्याला घाई होती. पण रीत मोडणारा सेनापती सरदारांपुढे लहान होतो, हे त्याला ठाऊक होते.

अर्तिषेने डोळे मिटले. तिच्या तोंडून शकांची जुनी कथा संथ, लांबलचक ओळींनी उतरू लागली. आधी आकाशाने घोडा केला, आणि घोडा एकटा धावून धावून कंटाळला, म्हणून आकाशाने त्याच्या पाठीवर माणूस ठेवला. तो पहिला शक. त्याचे पुत्र गवताच्या समुद्रात वाढले. एकाचे वंशज सूर्य मावळतो त्या दिशेने काळ्या पाण्याच्या समुद्रापर्यंत गेले. एकाचे वंशज दक्षिणेला नद्यांच्या मुखांशी उतरले. एकाच्या वंशजांनी उंच टोप्या घातल्या आणि ते उगवतीला, या न गोठणाऱ्या पाण्यापाशी आले.

"पारसिकांचा सम्राट आमच्यावर चालून आला," ती म्हणाली. "त्याने आमच्या एका नायकाला पकडले, गळ्यात दोर घातला आणि सर्व जगाने पाहावे म्हणून ते रूप खडकावर कोरवले. पण सेनापती, कोरणाऱ्याला त्या बद्ध माणसाच्या डोक्यावर ती उंच टोपीही कोरावी लागली. टोपीवाचून तो शक आहे हे कुणी ओळखले नसते. मग यवनांचा राजा आला. नदीच्या काठी त्याने आपल्या नावाचे नगर वसवले आणि तो परत फिरला. आम्ही नगरे वसवत नाही. आम्हाला परत फिरावे लागत नाही."

किदोलच्या सरदारांपैकी एकाने चुळबुळ केली. किदोलने त्याला नजरेने थांबवले. आता नावे येऊ लागली होती. बापाचे नाव, मग मुलाचे, प्रत्येकाने काय जिंकले, कुठे घोडा पाजला, कुठे देह ठेवला. तंबूतले ऊन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकले. तिग्रास मान खाली घालून ऐकत होता. लहानपणी हीच नावे म्हणत तो आईच्या मांडीवर झोपत असे. पुढे काय येणार हे त्याला माहीत होते. आणि जे नाव येणार नाही, तेही त्याने मनाशी धरले होते. गणाशी द्रोह करणाऱ्याचे नाव वंशावळीत घेत नाहीत.

"त्याची पत्नी अर्तिषा, ती मी," म्हातारी म्हणाली. "माझा पहिला पुत्र अस्पदात, जो आपल्या हातून रणात पडला." ती थांबली. मग तिने डोळे उघडले आणि सरळ समोर पाहिले. "माझा दुसरा पुत्र तिग्रास, जो या तंबूत उभा आहे."

तिग्रासने मान वर केली. मायलेकांची नजर क्षणभर भेटली. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, क्षमाही नव्हती. तिने फक्त त्याचे नाव घेतले होते.

"आता बोलू," किदोल म्हणाला. "गणमाते, छावणीत मला म्हातारी माणसे दिसली. तुमचे तरुण कुठे आहेत?"

"टेकडीपलीकडे, माझ्या थोरल्याच्या दफनविधीला. नायकाचे शव आम्ही मेण लावून राखले होते; त्याचा विधी मोठा असतो. गणातले सगळे धडधाकट स्त्री-पुरुष शस्त्रे उतरवून तिथे बसले आहेत. तो पुरा होईपर्यंत परक्याने तिथे पाऊल टाकायचे नसते. विधी संपला की माझी सून येईल आणि आपल्या अटींवर उत्तर देईल."

तंबूतले युएची सरदार एकमेकांकडे बघू लागले. मृताच्या विधीत घोडा घालणाऱ्याची सात पिढ्या वाताहत होते, असे त्यांच्या मुलुखातही मानत, आणि या लोकांची एकदा वाताहत झालीच होती. किदोलने सरदारांचे चेहरे पाहिले. मग तो तिग्रासकडे वळला.

"तू मला सांगितलेस की भाऊ उन्हाळ्यातच पुरला गेला आणि गण पहाटे घाटाकडे निघून गेला. तुझी आई म्हणते, विधी आता चालला आहे. मला एकच सांग. तुझ्या भावाचे दफन झाले आहे की नाही?"

गाड्या अजून दक्षिणेकडच्या दरीच्या अरुंद भागात असणार, हे तिग्रासला कळत होते. घोडेस्वार निघाले तर दिवस मावळायच्या आत त्यांना गाठतील. सर्वांत मागे कोण असेल, हेही त्याला कळत होते. वाटेवरचे ते हसणे त्याच्या कानांत होते.

"नाही," तो म्हणाला. "दफन व्हायचे आहे. मी खोटे बोललो."

"का?"

"मला नायकपद हवे होते. सभेने ते वहिनीला दिले. विधीला बसलेली माणसे निःशस्त्र असतात. आपण त्यांना पळपुटे समजून त्यांच्यावर घोडे घातले असते, वहिनी मेली असती, आणि मग गण माझा झाला असता." तो शांतपणे बोलत होता. जितके काळे सांगावे तितके ते खरे वाटेल, हे त्याने ताडले होते. "भावाची माती आणि आपला हात, दोन्ही मी वापरणार होतो."

एका सरदाराने शिवी हासडली. किदोलच्या चेहऱ्यावरचा वण लाल झाला. त्याच्याही लोकांनी आपल्या राजाचे शव शत्रूच्या हाती सोडले होते. मृताची विटंबना कशी असते, ते त्याने पाहिले होते.

"माझ्या हातून तू हे करवून घेणार होतास," तो म्हणाला. मग तो अर्तिषेकडे वळला. "हा अपराध माझ्याइतकाच तुमच्याशी झाला आहे. मुलगा तुमचा आहे. निवाडा तुम्ही सांगा."

तंबूच्या कडेला बसलेला होरमन आणि इतर म्हातारे तिच्याकडे पाहू लागले. अर्तिषेला सारे समजले होते. मुलाने कोणते ओझे उचलले आहे आणि का, ते समजले होते. आणि ती आता जराही डळमळली तर ते ओझे वाया जाईल, हेही.

"शकांत याला एकच शिक्षा आहे," ती म्हणाली. "मृत्यू. पण शकाला शकाच्याच बाणाने मरण द्यायचे असते. तो स्वतःच्या घोड्यावर बसेल, आणि त्याची टोपी डोक्यावर राहील. एवढे मला द्या."

"दिले," किदोल म्हणाला.

सरोवराच्या काठावर, स्वच्छ उन्हात, तिग्रासला त्याच्या घोड्यावर बसवण्यात आले. अर्तिषा त्याच्याजवळ गेली. टोपी किंचित कलली होती. तिने हात उंचावून ती सरळ केली, आणि तिची बोटे त्याच्या कानाच्या पाळीवर जरुरीपेक्षा थोडी जास्त रेंगाळली. कुणाला दिसले असेल, तर ते फक्त होरमनला. तो धनुष्य घेऊन लंगडत पुढे आला. या मुलाला ज्या हाताने बाण धरायला शिकवले होते, त्या हाताने त्याने बाण लावला. तिग्रास त्याच्याकडे बघून हलकेच मान हलवता झाला, जशी शिष्य गुरूने सांगितलेला धडा पाठ झाला म्हणून हलवतो. होरमनचा नेम आयुष्यात फारसा चुकला नव्हता. त्या दिवशीही चुकला नाही.

किदोल छावणीबाहेर तळ देऊन राहिला. विधी पुरा होईपर्यंत टेकडीकडे कुणी फिरकू नये, असा त्याने आपल्या फौजेला कडक हुकूम दिला. म्हातारी माणसे रोज सकाळी प्रत्येक तंबूत जाळ करत, रोज पाहुण्यांना बुधल्यांत साठवलेले आंबवलेले दूध पाठवत. शेण संपले तेव्हा त्यांनी गाड्यांची जुनी चाके फोडून जाळली, चाके संपली तेव्हा तंबूंचे खांब जाळले. अर्तिषा रोज थोडा वेळ सरोवराकाठच्या त्या ताज्या मातीपाशी उभी राही. युएचींना वाटे, दुष्ट असला तरी मुलगाच तो. मग दक्षिणेकडचे डोंगर ढगांत गेले, आणि ढग उठले तेव्हा घाटाचा माथा पांढराशुभ्र झाला होता.

त्या सकाळी किदोल एक पांढरा घोडा घेऊन टेकडीवर गेला. आपण ज्याला रणात पाडले त्या शूर शत्रूच्या समाधीवर तो भेट चढवावा, असे त्याच्या मनात आले होते. टेकडीपलीकडे एकही माणूस नव्हता. अस्पदाताच्या समाधीवर गवत उगवले होते आणि वाळलेही होते.

तो परतला, तेव्हा अर्तिषा मोठ्या तंबूच्या दारात त्याची वाट बघत बसली होती.

"तुमचा मुलगा मला पहिल्या दिवशी खरे बोलला होता," किदोल म्हणाला.

"हो."

"आणि मग खोटे बोलला."

"दोन्ही वेळा त्याने आपल्या माणसांसाठी तोंड उघडले, सेनापती. पहिल्यांदा तो चुकला."

"तुम्हाला ठाऊक होते, आणि तरीही तुम्ही निवाडा दिलात."

"त्याने मागितला, म्हणून दिला." अर्तिषा उठून उभी राहिली. "आता आपला निवाडा ऐकते. इथे जे आहेत ते सारे माझ्या सांगण्यावरून राहिले. टोपी मात्र आमच्यापैकी कुणी उतरवणार नाही. डोक्यासकट न्यावी लागेल."

किदोल फौज घेऊन घाटाकडे गेला. कड्याला लोंबणाऱ्या वाटेचे लाकडी वासे कापून खाली दरीत टाकलेले होते आणि उरलेल्यावर कमरेएवढे बर्फ साचले होते. तो परत आला, तेव्हा त्याचे सरदार म्हाताऱ्यांची डोकी मागत होते. त्याने ती दिली नाहीत. हिउंगनूंपासून पळताना त्याच्या लोकांनीही आपली म्हातारी माणसे वाटेत सोडली होती, आणि त्यांच्यासाठी कुणी मागे वळून पाहिले नव्हते. पण तो दयाळूही झाला नाही. थंडी तोंडावर होती. त्याने उरलेले तंबू आणि घोड्या आपल्या लोकांना वाटल्या आणि म्हाताऱ्यांना एक तंबू ठेवला. कुणाच्याही टोपीला मात्र त्याने हात लावू दिला नाही. त्या हिवाळ्यात पुष्कळ जण गेले. अर्तिषा बर्फ वितळण्याआधी गेली. होरमनने तिला तिग्रासशेजारी पुरले.

गण घाट उतरला होता, पण पुरता नाही. काही गाड्या, काही घोडे, काही माणसे त्या लोंबत्या वाटेने घेतली होती. रौक्षा शेवटपर्यंत पायी चालली. घाटापलीकडच्या एका गुहेत तिला मुलगी झाली, आणि बाळंतीण अंगाला कांबळे गुंडाळून पुन्हा गाड्यांच्या मागे चालू लागली. तिच्या तंबूत कुणी विस्तव मागायला येत नसे. ती कुणाकडे जात नसे.

पुढच्या उन्हाळ्यात, गण दक्षिणेच्या खोऱ्यांतून वाट काढत असताना, होरमन येऊन पोहोचला. एका व्यापारी तांड्याबरोबर, दुसऱ्याच्या गाढवावर बसून तो लांबच्या दुसऱ्या घाटाने आला होता. वर्झानेने सभा बोलावली. होरमनने उभे राहून, एक शब्दही न गाळता, सारे सांगितले. तंबूतला प्रश्न, त्याचे उत्तर, आणि स्वतःचा बाण. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मी मारलेल्या माणसांत तोच एक असा, ज्याच्यासाठी मी माझा हात तोडून दिला असता."

सभेच्या कडेला, सगळ्यांच्या मागे, रौक्षा मुलीला पाजत बसली होती. माणसे वळून तिच्याकडे पाहू लागली. ती रडली नाही. मुलीचे पिणे होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग उठली.

वर्झाना आपल्या जागेवरून उठून गर्दीतून तिच्यापर्यंत गेली. "आम्ही तुला एवढी वाट पायी चालू दिली," ती म्हणाली. "मी गणनायिका होते. मी तरी थांबवायला हवे होते."

"मी थांबले नसते, ताई."

"आता घोड्यावर बसशील?"

"बसेन," रौक्षा म्हणाली. "पण मागे नाही."

वर्षे गेली. गण अनोळखी भाषांच्या प्रदेशांतून उतरत उतरत सिंधूच्या काठी आला. पलीकडे हिरवी शेते होती, आंब्यांच्या राया होत्या, आणि तिथल्या एका छोट्या राजाचा दूत नावेत उभा राहून ओरडून सांगत होता: घोड्यांवरून उतरा, शस्त्रे वाळूत टाका, डोकी उघडी करा, मग तुम्हाला नदी ओलांडायचा उतार दाखवू. दुभाष्याने ते समजावून सांगितले. नदी पुराने फुगलेली होती. लोक वर्झानेकडे पाहू लागले, आणि वर्झानेने शेजारच्या घोड्यावर बसलेल्या रौक्षेकडे पाहिले.

"त्याला सांग," रौक्षा दुभाष्याला म्हणाली, "याहून मोठ्या सेनापतीने हेच मागितले होते. त्याला मिळाले नाही. उतार आमचे घोडे शोधतील."

मग तिने आता चांगल्या मोठ्या झालेल्या आपल्या मुलीला पाठीशी घट्ट धरायला सांगितले, टाच मारली, आणि गणातली पहिली म्हणून ती सिंधूच्या गढूळ पाण्यात शिरली. पाणी घोड्याच्या छातीला लागले, मग मानेला. घोडा पोहू लागला. तिच्यामागून सारा गण काठावरून उतरू लागला, आणि नावेतला तो दूत आपली नाव घाईघाईने बाजूला घेऊ लागला.